समन्स, एसटीची तिकिटे आणि 200 रुपये : निवडणूक वादातील साक्षीदार भत्त्याचे परीक्षण

ज्या सेवेचे हे परीक्षण आहे तिला न्यायालयात ‘साक्षीदार भत्ता’ म्हणतात, आणि ती घेण्याची वेळ माणसावर स्वतःच्या इच्छेने येत नाही. माझ्यावर ती आली पुणे जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या निवडणुकीमुळे. त्या निवडणुकीत मी मतदान केंद्राध्यक्ष होते. एका प्रभागाचा निकाल 2 मतांच्या फरकाने लागला, पराभूत उमेदवाराने निवडणुकीला आव्हान दिले, आणि दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, मी शाळेतून निवृत्त होऊन सहकारनगरातल्या घरी स्वस्थ बसलेली असताना, त्या तालुक्याच्या न्यायालयाचे समन्स घेऊन बेलीफ दारात उभे राहिले. न्यायालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे खटकले ते फक्त त्याच इमारतीत घडत असेल असे मला वाटत नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा वाद महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे निकालानंतर 15 दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांपुढे न्यावा लागतो आणि चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे सगळे अधिकार असतात. म्हणून साक्षीदाराच्या खर्चाचा हिशेबही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16 प्रमाणे होतो. फौजदारी खटल्यात साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा आदेश न्यायालयाला करता येतो. दिवाणी कामात मात्र ज्या पक्षकाराला साक्षीदार हवा आहे त्याने तो खर्च आधी न्यायालयात भरायचा असतो. जाण्यायेण्याचा व इतर खर्च आणि एका दिवसाची उपस्थिती भागेल एवढी ती रक्कम असावी, असे नियम 2 सांगतो. येथे पक्षकाराने पैसे साक्षीदाराला न देता न्यायालयात भरायचे आहेत, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. माझे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

समन्सच्या दोन प्रती होत्या. एक माझ्यासाठी आणि दुसरी, पाठीवर माझी सही घेऊन, न्यायालयात परत जाण्यासाठी. छापील मजकुरात ‘आपल्या प्रवासाचा व इतर खर्च आणि एक दिवसाचा निर्वाह भत्ता’ म्हणून अमुक रुपये ‘यासोबत पाठविले आहेत’ असे वाक्य होते व गाळलेल्या जागी निळ्या शाईने 200 हा आकडा घातलेला होता. त्याखाली, एका दिवसापेक्षा जास्त थांबवून घेतल्यास दररोज किती रुपये मिळतील, यासाठीही जागा होती. ती रिकामीच होती. सोबत पाठविलेले 200 रुपये मला कोठेच दिसेनात, म्हणून मी बेलिफांना विचारले. ‘ते कोर्टात मिळतील, बाई,’ असे उत्तर इतक्या सहज आले की हा प्रश्न त्यांना फारसा कोणी विचारत नसावा. समन्स साक्षीदाराच्या हाती प्रत्यक्ष बजावता येत असेल तर रक्कम त्याच वेळी द्यायची असते, हे मला नंतर कळले. पण 35 वर्षे हजेरीपट भरण्यात गेल्यामुळे न मिळालेल्या वस्तूच्या पोचपावतीवर सही करण्याची मला सवय नाही. मी सहीखाली तारीख, वेळ आणि ‘भत्ता मिळालेला नाही’ असे लिहिले. बेलिफांनी ते वाचले, पेन खिशाला लावले आणि पाणी पिऊन ते गेले. वाईट माणूस नव्हते. त्यांच्या थैलीत अशी आणखी दहा-बारा समन्से होती आणि रोख रक्कम एकाही समन्सासोबत दिसली नाही.

पहिल्या तारखेला मी स्वारगेटहून सकाळी साडेसातची एसटी धरली. घरापासून स्वारगेटपर्यंत रिक्षा 50 रुपये. एसटीत महिलांना अर्धे भाडे असल्याने जाण्यायेण्याचे मिळून 124 रुपये. परतीच्या रिक्षाचे 50 आणि जेवणाचे 110 धरले, तर एका दिवसाचा खर्च 334 रुपये होतो. जमा झालेली रक्कम 200 आहे हे येथे लक्षात यावे. पावणेअकराला मी न्यायालयात पोहोचले आणि साडेबाराला पुकारा झाला तेव्हा न्यायाधीश रजेवर असल्याचे आणि प्रभारी न्यायालय पुढची तारीख देणार असल्याचे कळले. मी भत्त्याबद्दल विचारले. ‘साक्ष झाली की भत्ता,’ असे लिपिकांनी सांगितले. नियमातील भत्ता येण्याजाण्याचा आणि उपस्थितीचा आहे आणि मी तर डोळ्यांसमोर उपस्थित आहे, असे म्हटल्यावर ते हसले आणि पुढच्या फाइलकडे वळले. निदान उपस्थितीचा दाखला तरी द्या, असा आग्रह मी धरला. ‘तो सरकारी नोकरांना लागतो, तुम्ही तर रिटायर झालात,’ हे उत्तर व्यवहारदृष्ट्या बरोबर होते, कारण सेवेत असते तर तो दिवस कर्तव्यावर धरला गेला असता आणि दाखला शाळेत द्यावा लागला असता. तरीही मी हलले नाही. अखेर वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या कागदावर गोल शिक्का मारून त्यांनी दाखला दिला. ज्यांना पुढे कधी साक्षीला जावे लागेल त्यांनी दुसरे काही मिळाले नाही तरी हा कागद घेतल्याशिवाय आवार सोडू नये.

दुसऱ्या तारखेला जाबदाराच्या, म्हणजे निवडून आलेल्या उमेदवाराच्या, वकिलांनी मुदतीचा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. त्या दिवशी मी भत्त्याचे नावही काढले नाही. दाखला मात्र घेतला.

या सेवेतला खरा दोष मला कळला तो या दोन तारखांच्या मधल्या एका संध्याकाळी. अर्जदाराच्या, म्हणजे पराभूत उमेदवाराच्या, बाजूच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. ‘बाई, तुम्ही उन्हातान्हाच्या एसटीने कशाला येता? सकाळी आठला दारात गाडी पाठवतो, जेवणाचं आम्ही बघतो, आणि मागच्या खेपेचा तुमचा खर्च पाकिटात घालून ठेवलाय.’ मुलगा नम्र होता, आणि मला विकत घ्यावे असा त्याचा हेतू होता असे मी म्हणणार नाही. साक्षीदाराला पदरमोड करावी लागते आहे हे त्याला दिसत होते, ती थांबावी असे त्याला वाटत होते, आणि गावाकडच्या रीतीप्रमाणे पाहुण्याची सोय करावी तशी तो माझी करू पाहत होता. तरीही मी नको म्हटले.

पक्षकाराचे पैसे न्यायालयाच्या नाझरामार्फत, म्हणजे तेथील पैशांचा व्यवहार पाहणाऱ्या कर्मचाऱ्यामार्फत, साक्षीदाराला देण्याची कायद्याची आडवाट वरवर पाहता उगाचच लांबची वाटते, परंतु तिच्यामुळेच साक्षीदाराला आपण कोणाचे मिंधे नाही हे कागदावर दाखवता येते. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात चुलतभावाच्या मोटारीतून आलेल्या साक्षीदाराचे एकवेळ चालून जाईल. निवडणुकीच्या वादात मात्र कोणी कोणाला गाडीतून नेले, कोणी कोणाला जेवू घातले आणि कोणाच्या हातात पाकीट पडले, हाच बहुधा वादाचा विषय असतो. मतदारांना मतदान केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमात भ्रष्ट आचार मानला गेला आहे. मग त्याच उमेदवाराच्या वाहनातून न्यायालयात उतरलेल्या साक्षीदाराकडे समोरचा वकील कोणत्या नजरेने पाहील? न्यायालयामार्फतचा भत्ता वेळेवर मिळाला असता तर त्या मुलाला पाकीट भरण्याची गरजच वाटली नसती. रक्कम कमी असते हा या सेवेतला लहान दोष आहे. ती वेळेवर न देऊन साक्षीदाराला पाकिटाच्या दिशेने ढकलले जाते, हा मोठा.

तिसऱ्या तारखेला साक्ष झाली. माझा मुद्दा लहानसा होता. एक मतदार दुपारी केंद्रावर आला, तेव्हा त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेल्याचे आढळले. ओळख पटवून मी त्याला प्रदत्त मत देऊ दिले आणि त्याची नोंद विहित नमुन्यात केली. ती नोंद माझ्या अक्षरात आहे एवढेच मला सांगायचे होते. सरतपास, म्हणजे बोलावणाऱ्या बाजूच्या वकिलाचे प्रश्न, दहा मिनिटांत संपला. उलटतपास मात्र पाऊण तास चालला आणि त्यातला निम्मा वेळ मी कशी आले, कोणाबरोबर आले आणि कोणाच्या खर्चाने आले यावर गेला. आपल्याकडे साक्ष नोंदवताना, समोरच्या वकिलाने सुचवलेले आणि साक्षीदाराने नाकारलेले प्रत्येक विधान ‘असे म्हणणे खरे नाही की’ या शब्दांनी उतरवतात. माझ्या जबाबात त्या शब्दांनी सुरू होणारी सलग सहा वाक्ये आहेत आणि त्यांतले एक, मी अर्जदाराच्या गाडीतून न्यायालयात आले, हे आहे. त्यावर मी पर्समधून एसटीची तिकिटे काढली. अर्जदाराकडून पैसे मिळाले का, असे विचारल्यावर मी म्हटले की अर्जदाराने माझ्यासाठी 200 रुपये न्यायालयात भरल्याचे समन्सावर लिहिले आहे, परंतु तेही मला अद्याप मिळालेले नाहीत. न्यायाधीशांनी मान वर करून पाहिले, बजावणीची प्रत मागवली आणि तिच्या पाठीवरची माझी ओळ वाचली.

येथून पुढची वागणूक चांगली होती, आणि ती चांगली होती असे लिहिणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. तीन दिवसांच्या उपस्थितीचा खर्च मिळावा असा एका पानाचा अर्ज मी मराठीत हाताने लिहून दिला. सोबत तीन दाखले आणि तिकिटांच्या झेरॉक्स जोडल्या. (एसटीच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडून जाते. झेरॉक्स त्याच दिवशी काढावी.) लेखनिकाने पूर्ण भाडे लिहा म्हणून आपुलकीने सुचवले, पण मी दिलेलेच लिहिले, अर्धे. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना विचारले आणि तीन दिवसांचे मिळून 800 रुपये धरून उरलेले 600 रुपये अर्जदाराने 15 दिवसांत जमा करावेत असा आदेश अर्जावरच लिहिला. आदेश 16 च्या नियम 4 मध्ये यासाठी स्पष्ट तरतूद आहे. साक्षीदाराला एका दिवसापेक्षा जास्त थांबवावे लागले तर न्यायालय वाढीव रक्कम भरायला सांगू शकते, आणि ती भरली नाही तर पक्षकाराची जंगम मालमत्ता जप्त करून विकण्यापर्यंत जाऊ शकते. 600 रुपयांसाठी कोणाच्या घरचा मिक्सर जप्त व्हावा अशी माझी इच्छा नाही, पण तरतूद आहे हे माहीत असले की अर्ज लिहिताना हात कापत नाही.

माझा अनुभव तालुक्याचा आहे, पण पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांना निवडणूक वादातली साक्ष म्हणजे विधानसभेची किंवा लोकसभेचीच आठवेल, म्हणून तिकडची व्यवस्थाही सांगते. तेथे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 लागू होतो. निकालानंतर 45 दिवसांच्या आत याचिका थेट उच्च न्यायालयात करावी लागते. पूर्वी ही कामे निवडणूक न्यायाधिकरणांकडे असत, ती 1966 च्या दुरुस्तीने उच्च न्यायालयांकडे आली. पुण्यात खंडपीठ नाही. त्याची मागणी येथील वकिलांनी कित्येक वर्षे लावून धरली आहे, ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरूही झाले, परंतु पुणे जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाकडेच राहिला. म्हणजे कोथरूडच्या किंवा हडपसरच्या मतदान केंद्रावर काय घडले हे सांगायला साक्षीदाराने सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची. अंतराचे कारण सांगून सुटकाही नाही, कारण रेल्वे किंवा नियमित सार्वजनिक वाहन असेल तर 500 किलोमीटरच्या आतल्या साक्षीदाराला हजर राहायला सांगता येते, आणि पुणे-मुंबई लोहमार्ग आहे 192 किलोमीटरचा.

या अधिनियमाचे कलम 96 साक्षीदाराच्या खर्चाविषयी आहे आणि ते एका वाक्याचे आहे. साक्ष देण्यासाठी उपस्थित राहताना कोणत्याही व्यक्तीने केलेला वाजवी खर्च उच्च न्यायालय तिला मंजूर करू शकेल, आणि न्यायालयाने वेगळा निर्देश दिला नाही तर तो याचिकेच्या खर्चाचा भाग समजला जाईल, असा त्याचा आशय. यातला ‘शकेल’ महत्त्वाचा आहे. खर्च आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. त्याचा उत्तरार्ध पक्षकारांच्या कामाचा आहे. साक्षीदाराचा खर्च एकदा याचिकेच्या खर्चात धरला गेला की शेवटी तो ज्याच्यावर खर्चाचा हुकूम होईल त्याच्या अंगावर पडतो, आणि याचिका फेटाळली गेली तर निवडून आलेल्या उमेदवाराला त्याचा खर्च मिळण्याचा हक्कच कलम 119 ने दिलेला आहे. यासाठी याचिकाकर्त्याने सुरुवातीला भरायची अनामत आहे 2,000 रुपये. चार साक्षीदार एकेक वेळ मुंबईला जाऊन आले तरी तिच्यात काही उरायचे नाही. तथापि खटला चालू असताना आणखी हमी मागण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. खर्चाचा आदेश झाल्यावर अनामतीतून रक्कम हवी असेल तर एका वर्षाच्या आत लेखी अर्ज करावा लागतो.

साक्षीदाराचा खर्च वाढतो तो भाड्यापेक्षा तारखांमुळे. याचिका शक्यतो रोजच्या रोज चालवावी आणि 6 महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असे कलम 86 सांगते. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक 1987 ची, तिच्यावरचा उच्च न्यायालयाचा निकाल 1989 चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा, एवढे लिहिले म्हणजे पुरे. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 2003 साली मान्य केले आहे. वृद्ध किंवा आजारी साक्षीदाराने तसा अर्ज करण्यास संकोच करू नये. घाबरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, भत्त्याशी तिचा संबंध नसला तरी: तुम्ही मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती या अधिनियमाखाली साक्षीदारावर करता येत नाही.

महानगरपालिकेच्या निवडणुकीचा वाद मात्र गावातच चालतो, त्यामुळे साक्षीदाराला मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून चालत जाता येते. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचे छायाचित्र जपून ठेवणे एवढाच तिकडचा व्याप.

आता गुण. बसण्याची सोय: व्हरांड्यात दोन बाके, त्यांपैकी एकाचा पाय विटेवर टेकवलेला. पिण्याचे पाणी होते. महिलांच्या प्रसाधनगृहाची किल्ली शिपायाकडे असते, हे मला तिसऱ्या खेपेला कळले. न्यायाधीशांच्या वागणुकीला मी पाचपैकी पाच तारे देते, लिपिकांना तीन, कारण त्यांनी कुरकुरत का होईना दाखले दिले, आणि भत्त्याच्या व्यवस्थेला एक. तोही कायदा नीट लिहिलेला आहे म्हणून.

मूळ 200 रुपयांसाठी नाझरांकडे पासबुकाची झेरॉक्स, आधार कार्डाची झेरॉक्स आणि रद्द केलेला धनादेश द्यावा लागला. झेरॉक्सवाला न्यायालयाच्या फाटकासमोरच बसतो. साक्षीनंतर सात आठवड्यांनी रक्कम खात्यात जमा झाली. 600 रुपयांची 15 दिवसांची मुदत संपून गेली आहे. अर्जदाराचे वकील रक्कम भरल्याचे सांगतात, नाझर चलन आले नसल्याचे सांगतात, आणि दोघेही माझ्याशी अतिशय सौजन्याने बोलतात. आदेशाची सहीशिक्क्याची नक्कल मिळावी म्हणून मी गेल्या सोमवारी अर्ज केला आहे. नक्कल हाती आली की नियम 4 प्रमाणे पुढचा अर्ज देईन आणि येथे भर घालीन. त्या खेपेच्या एसटीची तिकिटे पाकिटात वेगळी ठेवली आहेत.